लाइटवेटवाले 'कमजोर' नाहीत

काठावरचा: काल इथे एकाने लिहिलं, 'ऑलिंपिकमधून लाइटवेट रोइंग गेलं ते बरंच झालं. तेवीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेतूनही काढा, कमजोरांना वेगळा गट कशाला?' रात्रभर डोक्यातून जाईना. लाइटवेट म्हणजे वल्हवण्याच्या शर्यतीतला वजनाची मर्यादा असलेला गट. पुरुषांच्या 72.5 किलोच्या आत राहून 2000 मीटर मारून दाखवा, मग कमजोर म्हणा. जर्मनी, रोमानियाकडे नव्वद-शंभर किलोची उंच पोरं आहेत. आपण कुठून आणायची? टोकियोत अर्जुन लाल जाट आणि अरविंद सिंग अकरावे आले ते लाइटवेट डबल स्कल्समध्येच, म्हणजे दोघांच्या बोटीत. पॅरिसनंतर तो दरवाजा बंद. आज वीस वर्षांचं पोर कशाच्या आशेवर पहाटे पाण्यात उतरेल?

एर्गोवाला: दत्तू भोकनळ विसरलात? चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, सैन्यात गेल्यावर वल्हं हातात धरलं. रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्सला, म्हणजे एकट्याच्या बोटीत, तेरावा, तोही वजनाची अट नसलेल्या खुल्या गटात. 2018 ला आशियाई सुवर्ण जिंकलेल्या चौघांच्या बोटीतही होता. सवलत मागत बसला नाही.

काठावरचा: एका दत्तूवर धोरण ठरत नाही.

एकोणसाठ: मी महिला लाइटवेट होते, मर्यादा 59 किलो. शर्यतीच्या तास-दोन तास आधी वजनाचा काटा. आदल्या रात्री दोन स्वेटर घालून धावायचे, पाणी बंद. सात महिने पाळी आली नाही. प्रशिक्षक म्हणाले, बरंच आहे, अडथळा नाही. हे तुम्हाला वाचवायचंय?

काठावरचा: ताई, वाईट झालं. पण चूक त्या प्रशिक्षकाची, गटाची नाही.

एकोणसाठ: काटा होता म्हणून तो तसं वागू शकला. आणि ताई म्हणून समजूत काढू नका.

मुळाकाठ: गट कुठलाही ठेवा, पाणी कुठाय? पुण्यात मुळा नदीत जलपर्णी इतकी माजते की वल्हं अडकतं. आम्ही विळ्यांनी वाट कापून सराव केलाय. हातांना महिनाभर खाज!

एर्गोवाला: जलपर्णी वेगळा विषय आहे.

मुळाकाठ: वेगळा कसा? दोन हजार मीटर स्वच्छ पाणी नसलेल्या पोराला तुम्ही जागतिक स्पर्धेच्या गप्पा सांगता!

गोदाकाठी: नाशिकलाही तेच. दरवर्षी काढतात, दरवर्षी उगवते. सांडपाणी थांबवल्याशिवाय नुसतं मशीन फिरवून काय होणार?

मुळाकाठ: तेच म्हणतोय! मुळावरच घाव घाला.

एर्गोवाला: बरं, मग समुद्रावर चला. 2028 च्या ऑलिंपिकला बीच स्प्रिंट आहे. वाळूतून धावत बोटीत उडी, तरंगत्या बोयांना वळसे घालत 250 मीटर आत, तेवढंच परत. तिथे काटा नाही. कोकणातली पोरं लाटेला घाबरतात का?

काठावरचा: हे मात्र मान्य करावं लागेल. तरी 'कमजोर' हा शब्द मागे घ्यायला सांगा त्याला.

एकोणसाठ: तेवढ्यापुरती तुमच्या बाजूने.

मुळाकाठ: आणि जलपर्णीचं?