मदत हवी आहे : क्षयरोगाची मॉलिक्युलर तपासणी डोंगरात आणावी की नमुनेच खाली पाठवावेत?

नमस्कार. सातपुड्यातील एका डोंगराळ तालुक्यात आमची धर्मादाय संस्था गेली अकरा वर्षे छोटा दवाखाना चालवते आणि तेथील प्रयोगशाळा माझ्याकडे आहे. एका देणगीदाराने क्षयरोगाच्या निदानासाठी एकरकमी मदत देऊ केली आहे. ती कशावर खर्च करावी याची लेखी शिफारस मला महिनाअखेरीपर्यंत विश्वस्तांपुढे ठेवायची आहे, म्हणून अशा भागात प्रत्यक्ष काम केलेल्यांचा सल्ला हवा आहे.

सध्या आमच्याकडे फक्त सूक्ष्मदर्शक आहे. काचपट्टीवर जंतू दिसायचे तर बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये ते पाच ते दहा हजार तरी असावे लागतात, त्यामुळे आजाराच्या सुरुवातीलाच आलेला रुग्ण, एचआयव्हीबाधित रुग्ण आणि लहान मुले अनेकदा निसटतात. मॉलिक्युलर चाचणीला, म्हणजे जंतूंचे डीएनए शोधणाऱ्या चाचणीला, शे-सव्वाशे जंतूही पुरतात, शिवाय रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरील मुख्य औषधाला रोग दाद देईल की नाही हेही कळते, जे काचपट्टी कधीच सांगू शकत नाही. असे यंत्र घाटाखाली आहे. आठवड्यातून दोनदा आमचा कार्यकर्ता थंड पेटीतून नमुने घेऊन जातो, पावसाळ्यात दरड कोसळली की तेही थांबते, आणि अहवाल हाती यायला सहा-सात दिवस लागतात.

इतर कोठे हा आठवडा चालूनही जाईल. आमच्याकडे मात्र दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला आणि बांधकामावर गुजरातेत जातात, ती होळीलाच परततात. मागच्या हंगामात तीन जणांचे अहवाल सकारात्मक आले तेव्हा त्यांच्या दाराला कडी होती. त्यांतील दोघांचा पत्ता मुकादमामार्फत लागला, तिसऱ्याचा अजून लागलेला नाही. त्यामुळे तपासणीच्या दराइतकाच मला हा आठवडा महाग वाटतो.

दोन यंत्रांचा विचार केला. जीनएक्स्पर्टला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2010 मध्ये मान्यता दिली. त्यात हाताचे काम अगदी थोडे असते आणि सुमारे दोन तासांत निकाल मिळतो. पण त्याला अखंड वीज आणि तीस अंशांच्या आतली खोली लागते, आणि त्याची काडतुसे (नमुना ज्यात घालतात त्या एकदाच वापरायच्या डब्या) अठ्ठावीस अंशांपलीकडे ठेवता येत नाहीत. आमच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा कोठे जातो हे सांगायला नको. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट 2020 मध्ये मान्य झाले. ते बॅटरीवर चालते, क्षयाचा निकाल तासाभरात देते आणि निकाल सकारात्मक आल्यास त्याच अर्कातून (नमुन्यातून काढलेल्या डीएनएतून) दुसऱ्या चिपवर (एकदाच वापरायच्या तपासणीच्या पट्टीवर) रिफॅम्पिसिनची तपासणी करता येते. कागदावर तरी ते आमच्यासाठीच बनवलेले दिसते.

माझी अडचण खर्चाच्या हिशेबाची आहे. देणगीतून यंत्र येईल, पण चिप आणि काडतुसे दरमहा लागणार. जीनएक्स्पर्टच्या काडतुसाची सवलतीची किंमत सप्टेंबर 2023 मध्ये 9.98 डॉलरवरून 7.97 डॉलरवर आली, हे सर्वांनी वाचले असेल. तो दर कारखान्याच्या दारातला आहे आणि पात्र खरेदीदारांपुरताच आहे. वाहतूक, वाया गेलेल्या तपासण्या, मुदत संपलेला साठा, दुरुस्ती आणि तंत्रज्ञाचा पगार त्यात कोठेच नाहीत. आमच्याकडे महिन्याला जेमतेम चाळीस नमुने येतात. इतक्या थोड्या नमुन्यांवर हा सारा स्थिर खर्च वाटला, तर एका तपासणीमागे प्रत्यक्षात किती पडतो, याचा अनुभव कोणी सांगू शकेल का?

काटकसर म्हणून चार जणांचे नमुने एकत्र तपासावेत आणि गट सकारात्मक आला तरच प्रत्येकाचा नमुना वेगळा तपासावा, असेही सुचवले गेले. दहात एक रुग्ण निघतो असे धरले, तर चारांचा गट पूर्ण नकारात्मक येण्याची शक्यता सुमारे 66 टक्के येते आणि फेरतपासण्या धरूनही माणशी 0.6 चाचणी पुरते. हेच प्रमाण दहात दोन झाले, तर बचत चाळीस टक्क्यांवरून सोळा टक्क्यांवर येते. पण चार नमुने मिसळले की जंतूंची संख्या विरळ होते, म्हणजे ज्या अल्पजंतू रुग्णासाठी ही चाचणी हवी आहे, नेमका तोच हातचा जाण्याची भीती. कोणी हा प्रयोग केला असल्यास, तो कोणत्या हंगामात आणि कोणत्या गटावर केला, हे कृपया लिहावे.

प्रतिसाद :

मी विदर्भातील एका आदिवासी भागात चार वर्षे ट्रूनॅट चालवले आहे. यंत्राला वीज कमी लागते हे खरे, पण हात कसलेले लागतात. जीनएक्स्पर्टमध्ये नमुना काडतुसात गेला की आपले काम संपते. येथे अर्क काढण्याचे यंत्र वेगळे असते, त्यातून निघालेल्या अर्काचे सहा मायक्रोलिटर मायक्रोपिपेटने चिपवर सोडावे लागतात आणि बुडबुडा राहिला की तपासणी फुकट जाते. सुरुवातीच्या दोन महिन्यांत आमचा चिपवरचा निम्मा वायफळ खर्च याच कारणाने झाला. अर्क काढायला वीस मिनिटे लागतात आणि एका वेळी एकच नमुना घेता येतो, त्यामुळे दोन चिपचे यंत्र घेऊनही दिवसाचे नमुने दुप्पट होतील असे धरू नका. चाळीस नमुन्यांना एका चिपचे यंत्र सहज पुरेल.

सूक्ष्मदर्शक मात्र विकू नका. उपचार सुरू झाल्यावर मेलेल्या जंतूंचे डीएनएही चाचणीत दिसते, म्हणून औषध लागू पडते आहे का हे पाहायला ही चाचणी उपयोगाची नाही, त्यासाठी काचपट्टी लागेलच.

चिपचा खर्च उचलण्यापूर्वी जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना लेखी विचारा. यंत्र तुमचे, तंत्रज्ञ तुमचा आणि चिप सरकारी क्षयरोग कार्यक्रमाकडून, अशी भागीदारी जमली तर हिशेबच बदलतो. क्षयरुग्णांच्या नोंदीच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद तर तुम्हाला करावीच लागते. आणखी एक : आमच्याकडे ‘थुंकी आणा’ म्हटले की डबीत लाळच येत असे. ‘सकाळी खोल खोकून बेडका’ असे स्थानिक बोलीत सांगायला लागल्यावर नकारात्मक अहवालांतील काही आपोआप कमी झाले, आणि त्याला एक पैसाही लागला नाही.

मूळ प्रश्नकर्ता :

मनःपूर्वक आभार. एका चिपच्या यंत्राचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. वाचलेल्या रकमेत नमुने नेणाऱ्या कार्यकर्त्याचा एक वर्षाचा पगार बसतो, म्हणजे यंत्र बिघडले तरी खालची वाट चालू राहील. अधिकाऱ्यांना पत्र उद्याच देतो. एवढेच सांगावे की पिपेटचा सराव तंत्रज्ञाने यंत्र येण्यापूर्वी रंगीत पाण्यावर केला तर चालेल का, की अर्काचा हात वेगळाच बसवावा लागतो?