मदत हवी आहे: डेटा सेंटरसाठी डीसीआयएम (तिथली यंत्रं, वीज, जागा यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्यायचंय, सुरुवात नेमकी कुठून करायची?

नमस्कार मंडळी,

डेटा सेंटर सांभाळणारे इथे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय. थोडा लांब झालाय पण कृपया पूर्ण वाचून मग सांगा, कारण "अमुक सॉफ्टवेअर घ्या" एवढ्यावर आमचं भागणार नाहीये.

आमच्या कंपनीची स्वतःची दोन डेटा सेंटर्स आहेत, एक मुख्य आणि एक डीआर (मुख्य बंद पडलं तर वापरायचं), शिवाय शाखांमध्ये छोट्या सर्व्हर रूम्स. सगळे मिळून दीडशेच्या आसपास रॅक (सर्व्हर बसवायची कपाटं), बहुतेक ४२ यू चे (यू म्हणजे रॅकच्या उंचीचा एक कप्पा). आजवर सगळा कारभार एक्सेलवर. कुठल्या रॅकमध्ये कितव्या यू ला कुठला सर्व्हर ही शीट आयटीकडे, कुठला ब्रेकर कुठल्या रॅकला जातो आणि यूपीएसवर किती लोड आहे ही फॅसिलिटीवाल्यांकडे, आणि पॅच पॅनेल, पोर्ट वगैरे नेटवर्कवाल्यांकडे. आयटी ज्या रॅकला बी-०७ म्हणते तोच इलेक्ट्रिकलच्या ड्रॉइंगमध्ये आर-२७ आहे. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही, आणि हे इतकी वर्षं चाललं कारण जुनी माणसं होती, त्यांच्या डोक्यात सगळं होतं. आता त्यातले बरेच जण सोडून गेलेत.

हा विषय वर आला तो असा. रॅकना ए आणि बी अशा दोन वेगळ्या मार्गांनी (फीड) वीज येते. त्यातल्या ए फीडच्या यूपीएसचं मेंटेनन्स ठरलेलं होतं, सगळ्यांना मेल गेले, शीटमध्ये सगळे महत्त्वाचे सर्व्हर ए आणि बी दोन्हीवर दिसत होते त्यामुळे कोणी काळजीत नव्हतं. ए फीड बंद केला आणि एक डेटाबेस सर्व्हर बसला. रॅकचं मागचं दार उघडून बघितलं तर दोन्ही पॉवर सप्लायच्या वायर्स ए बाजूच्याच पीडीयूत (रॅकमधली वीज वाटणारी सॉकेटची पट्टी). एक काळी, एक निळी, म्हणजे वरवर बघणाऱ्याला वाटावं की दोन वेगवेगळ्या बाजूंना गेल्यात. बी बाजूच्या पीडीयूवर सी-१३ ची (या सर्व्हरच्या वायरला लागणारी) सगळी सॉकेट्स भरलेली, फक्त सी-१९ (वेगळ्या, मोठ्या आकाराची) रिकामी, त्यामुळे ज्याने सर्व्हर बसवला त्याने समोर जे रिकामं दिसलं त्यात प्लग घातला आणि शीटमध्ये मात्र "ए + बी" हेच लिहिलेलं राहिलं. सर्व्हरच्या मॅनेजमेंट कंट्रोलरला (सर्व्हरवर लक्ष ठेवणारी त्याच्यातलीच चिप) तर दोन्ही सप्लाय व्यवस्थित चालू दिसत होते, त्याला कुठला फीड ते कसं कळणार.

त्यानंतर मॅनेजमेंटने डीसीआयएम घ्यायला मंजुरी दिली आणि काम माझ्याकडे आलं. इथपर्यंत ठीक, पुढे मात्र दोन गट पडलेत. फॅसिलिटीचं म्हणणं मॉनिटरिंग आधी हवं, तापमान, यूपीएस, चिलर (थंड पाण्याचं यंत्र), पीयूई (विजेच्या कार्यक्षमतेचा आकडा), अलार्म सगळं एका स्क्रीनवर. आयटीचं म्हणणं आधी कुठे काय आहे, कशाला जोडलंय आणि जागा किती उरलीय ते कळू दे. व्हेंडर लोक डेमोत दोन्ही दाखवतात, थ्रीडी खोली फिरवून दाखवतात, रॅक हिरवे पिवळे लाल होतात, आणि बघणारे खूश होतात. मला दर वेळी एकच प्रश्न पडतो की हा हिरवा रंग ज्या माहितीवर ठरतो ती माहिती आमच्याकडे बरोबर कुठे आहे?

आत्तापर्यंत मी जे पाहिलं ते सांगते. फुकटातलं नेटबॉक्स चालवून पाहिलं, डिजिटलओशनमध्ये सुरू झालेलं आणि २०१६ मध्ये ओपन सोर्स केलेलं. रॅक, डिव्हाइस, आयपी, केबल, पॉवर पॅनेल, फीड हे सगळं त्यात नीट मांडता येतं, केबल या टोकापासून त्या टोकापर्यंत ट्रेस करता येते, एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने माहिती घ्यायची-द्यायची सोय) चांगला आहे. पण तो रजिस्टर आहे, काय असायला हवं ते सांगतो, आत्ता या क्षणी किती करंट चाललाय ते विचारायला जात नाही. ओपनडीसीआयएम पण पाहिलं, साधं सुटसुटीत आहे, पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं. पैसे देऊन घ्यायच्यात सनबर्डचं डीसीट्रॅक, एनलाइट, श्नायडरचं इकोस्ट्रक्चर आयटी ही नावं यादीत आहेत. डिव्हाइस४२ चं ऑटो डिस्कव्हरी आमच्या साहेबांना फार आवडलंय, त्यांना वाटतंय स्कॅन मारला की सगळं आपोआप भरेल. मी समजावून सांगितलं की नेटवर्कवरून, आयपीएमआय किंवा रेडफिशने (सर्व्हरला दुरून माहिती विचारायच्या पद्धती), मॉडेल कळेल, सिरियल नंबर कळेल, किती वॅट खातोय तेही बऱ्याच सर्व्हरचं कळेल, पण तो सर्व्हर रॅकमध्ये कितव्या यू ला बसलाय आणि त्याची वायर कुठल्या सॉकेटात गेलीय हे सहसा कोणीतरी समोर उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही. आमचा घोटाळा नेमका तिथेच झालाय.

दुसरं दुखणं कपॅसिटीचं. आमच्याकडे रॅक भरला की नाही हे सर्व्हरच्या पॉवर सप्लायवर छापलेल्या आकड्यावरून ठरवतात. ३२ अँपिअरच्या सिंगल फेज पीडीयूला २३० व्होल्टवर साधारण ७.३ किलोवॅट मिळतात, सप्लायवर ८०० वॅट लिहिलेले नऊ सर्व्हर बसले की शीट म्हणते संपलं. प्रत्यक्षात तेच सर्व्हर ३०० वॅटच्या आसपास खातायत, म्हणजे पावणेतीन किलोवॅटसुद्धा होत नाहीत, आणि आम्ही नवीन रॅक मागतोय! आणि याच्या अगदी उलट केस पण आहे. दोन रॅकमध्ये ए फीड ६० टक्के, बी फीड ६० टक्के, दोन्ही एकेकटे बघितले तर आलबेल. एक गेला की दुसऱ्यावर १२० टक्के येणार आणि ब्रेकर ट्रिप होणार. शीटमध्ये हे कुठेच दिसत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअरने मला ए आणि बी ची बेरीज एका फीडच्या क्षमतेशी ताडून दाखवली पाहिजे, ही माझी पहिली अट आहे.

मॉनिटरिंगची अडचण वेगळीच. निम्मे पीडीयू साधे, नेटवर्कचं पोर्टच नाही. जे नेटवर्कवर आहेत त्यातले बरेचसे एसएनएमपी (उपकरणांना नेटवर्कवरून आकडे विचारायची पद्धत) च्या जुन्या व्ही२सी आवृत्तीवरच चालतात, त्यात कम्युनिटी स्ट्रिंग (एक प्रकारचा पासवर्ड) उघडीच जाते म्हणून सिक्युरिटीवाले व्ही३ शिवाय नाही म्हणतात, आणि त्यांचं चूक नाही. चिलर मॉडबसवर, एसी युनिट्स बॅकनेटवर (दोन्ही यंत्रांच्या संवादाच्या वेगळ्या पद्धती), ते सगळं बीएमएसमध्ये (इमारतीची यंत्रणा सांभाळणारी सिस्टिम) जातं आणि बीएमएसवाले दुसऱ्या कोणाला आत घ्यायला तयार नाहीत.

आणि सगळ्यात मोठी भीती ही की सॉफ्टवेअर येईल, उत्साहाने एकदा सगळं भरलं जाईल आणि थोड्याच महिन्यांत ये रे माझ्या मागल्या. आमच्याकडे रात्री अपरात्री सर्व्हर हलवले जातात, सकाळी कोण येऊन एंट्री करणार?

तर ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा, रजिस्टर आधी की मॉनिटरिंग आधी? चालू रॅकचा सर्व्हे काही न हलवता कसा करायचा? माहिती ताजी कशी ठेवता, त्यासाठी वेगळा माणूस लागतो का? आणि व्हेंडरने प्रॉडक्टच बंद केलं तर काय, व्हर्टिव्हचं ट्रेलिस मोठं नाव होतं, ते बंद झालं तेव्हा लोकांना दुसरीकडे जावंच लागलं. करारात काय लिहून घ्यायचं?

प्रतिसाद १

मी फॅसिलिटी बाजूचा माणूस आहे तरीपण सांगतो, रजिस्टर आधी. मॉनिटरिंगचा अलार्म आला की पहिला प्रश्न येतो "या पीडीयूवर काय काय आहे?" आणि त्याचं उत्तर रजिस्टरमध्येच असतं, ते नसेल तर अलार्म येऊन उपयोग काय, फोनाफोनीच करत बसायची.

मात्र तुमच्या फॅसिलिटीवाल्यांना थांबवून ठेवू नका, त्यांना हवं आहे त्यातलं थोडं लगेच देता येतं. पीयूई साठी आख्खं डीसीआयएम लागत नाही. एकूण सेंटरला गेलेली ऊर्जा भागिले आयटीला गेलेली ऊर्जा, एवढंच आहे ते, मेन इनकमरवर (बाहेरून वीज आत येते तिथे) एक मीटर आणि यूपीएसच्या आउटपुटवर दुसरा असला की सुरुवातीला पुरे. फक्त आयटीचा आकडा कुठे मोजलाय ते एकदा ठरवा आणि बदलू नका. कोणी यूपीएस आउटपुटला मोजतं, कोणी पीडीयूला, आणि मग दोन सेंटरचे आकडे शेजारी ठेवून भांडतात.

तापमानाचे सेन्सर रॅकच्या समोरच्या बाजूला लावा, खाली, मध्ये आणि वर. ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस १८ ते २७ अंश सेल्सिअस आहे ती सर्व्हरच्या आत शिरणाऱ्या हवेची. खोलीच्या भिंतीवरचा आकडा बघून काही कळत नाही, रिकाम्या यू ला ब्लँकिंग पॅनेल (झाकण) नसेल तर मागची गरम हवा पुढे येते आणि वरचा सेन्सर बरोबर ते पकडतो. आधी शंका असलेल्याच रॅकना लावा, सगळीकडे नको.

बीएमएसचं म्हणाल तर त्यांच्याकडे आत शिरायची परवानगी मागूच नका. त्यांनाच सांगा की आम्हाला हे हे पॉइंट्स फक्त वाचायला द्या, गेटवे तुमचा, ताबा तुमचा. लिहायचा अधिकार मागितला की ते अडून बसणारच. मीसुद्धा बसलो असतो.

प्रतिसाद २

सर्व्हेबद्दल लिहितो, कारण लोक तिथेच घाई करतात. आधी नावं ठरवा. रॅकचं एकच नाव, ते दारावर पुढे आणि मागे दोन्हीकडे चिकटवलेलं, आणि जुन्या दोन्ही नावांचा तक्ता काही काळ सोबत ठेवा. हे होईपर्यंत सॉफ्टवेअरमध्ये एकही एंट्री करू नका.

मग एका वेळी एक रांग. दोघं जण लागतात, एक वाचतो, एक टाइप करतो, प्रत्येक रॅकचा पुढून मागून फोटो. सिरियल नंबर शक्यतो मॅनेजमेंट कंट्रोलरवरून घ्या, सर्व्हर रेलवर बाहेर ओढून बघायला जाऊ नका. केबल ओढून "ही कुठे जाते" बघायचा मोह तर अजिबात नको, सी-१३ चा प्लग ढिला असेल तर तेवढ्यानेही सुटतो.

पॉवरच्या जोडणीसाठी एक युक्ती सांगतो. पुढचं फीड मेंटेनन्स कधीतरी होणारच आहे. ए फीड बंद असेल त्या वेळात दोन सप्लायवाल्या प्रत्येक सर्व्हरच्या कंट्रोलरमध्ये "एका सप्लायची वीज गेली" अशी नोंद पडली पाहिजे. सगळे लॉग गोळा करा. ज्याची नोंद आली तो बरोबर जोडलाय. जो चालू आहे आणि ज्याची नोंदच नाही त्याच्या दोन्ही वायर्स बी वर आहेत, तो बी च्या मेंटेनन्सला बसणार. तुमचा डेटाबेस सर्व्हर ए मध्ये सापडला, तसा एखादा बी मध्ये पण असेल, तो आधी शोधा. मागच्या मेंटेनन्सचे लॉग पुसले गेले नसतील तर आजच बघता येईल.

माहिती ताजी ठेवायला स्वतंत्र माणूस ठेवला तरी रात्री काय हललं ते त्याला कळणार कसं? चेंजचं तिकीट (बदलाच्या कामाची नोंद) रजिस्टरमधली एंट्री बदलल्याशिवाय बंदच होता कामा नये, आणि जो हात लावतो त्यानेच मोबाइलवरून तिथल्या तिथे बदल करायचा. शिवाय दर आठवड्याला कुठलाही एक रॅक उचलून ताडून बघा. चूक सापडली तर ओरडायचं नाही, कुठल्या तिकिटात राहिलं ते शोधायचं, नाहीतर लोक चुका लपवायला लागतात. मालक मात्र एक हवा. पूर्ण वेळ नसला तरी चालेल, पण नावं, फील्ड, टेम्प्लेट यांवर शेवटचा शब्द त्याचा.

करारात एक्सपोर्ट लिहून घ्याच, पण नुसतं "डेटा एक्सपोर्ट करता येईल" असं नको. ॲसेटची यादी सगळेच देतात. जोडण्या, म्हणजे कुठल्या पोर्टवरून कुठल्या पोर्टला आणि कुठल्या सॉकेटवरून कुठल्या सप्लायला, हे सगळं एपीआयमधून बाहेर काढता आलं पाहिजे. डेमोच्या वेळीच एक रॅक भरायला लावा आणि त्याचं एक्सपोर्ट समोर मागा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. लॉगची युक्ती वाचली आणि लगेच टीमला कामाला लावलं, ए फीडच्या त्या मेंटेनन्सचे लॉग बहुतेक सर्व्हरवर अजून आहेत. दोन सर्व्हर असे निघाले ज्यांच्यात नोंदच नाही! त्यातल्या एकाच्या मागे जाऊन बघितलं, दोन्ही वायर्स खरंच बी वर होत्या. पुढच्या विंडोत दुरुस्त करतोय, दुसरा उद्या बघू.

आता असं ठरवतेय की मुख्य सेंटरमधला एकच हॉल घ्यायचा, नावं बदलायची, नेटबॉक्समध्ये तो हॉल पूर्ण भरायचा आणि तिकिटांशी जोडायचा. तोवर फॅसिलिटीला मीटर आणि निवडक रॅकचे सेन्सर. विकतच्या सॉफ्टवेअरचं त्यानंतर बघू, तेव्हा आमच्या खऱ्या डेटावर डेमो मागता येईल. साहेबांना पटवायला जरा वेळ लागेल, मंजुरी खर्चाची मिळालीय आणि मी खर्च पुढे ढकलतेय, पण त्या दोन सर्व्हरचं उदाहरण दाखवणार आहे.

एक राहिलं. जे व्ही२सी वालेच पीडीयू आहेत ते लगेच बदलणं शक्य नाही. वेगळ्या मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये (नेटवर्कचा वेगळा काढलेला भाग) टाकून, फक्त पोलरच्याच (आकडे गोळा करणारा सर्व्हर) आयपीला परवानगी देऊन आणि राइट कम्युनिटी (सेटिंग बदलायचा अधिकार) बंद करून तुमच्या सिक्युरिटीने चालवून घेतलंय का? कोणी घेतलं असेल तर त्यांनी आणखी काय अटी घातल्या तेवढं सांगा.