मदत हवी आहे: बेसमेंटच्या खोदकामाची माती पावसात वाहून जातेय (इंदूर)

नमस्कार मंडळी, राजेंद्रनगरच्या पुढे आमच्या प्लॉटवर बेसमेंटचं खोदकाम चालू आहे आणि निघालेली सगळी काळी माती खड्ड्याच्या काठालाच ढीग घालून ठेवलीय. परवा रात्री जोराचा पाऊस झाला, ढीग ओघळून गेटखालून माती थेट रस्त्यावर अन् तिथून नाल्यात, सकाळी शाळेची पोरं त्या चिकट चिखलात घसरत होती, बघून फार वाईट वाटलं. हा नाला पुढे कान्ह नदीला मिळतो आणि कान्ह क्षिप्रेला, त्यामुळे हे थांबवायचंच आहे.

ठेकेदार म्हणतो ताडपत्री टाका, झालं. पण ताडपत्रीवरून पाणी आणखी जोरात उतरतं आणि पायथ्याशी माती कापतं ना? माझा विचार असा, की ढीग काठापासून लांब हलवायचा, वरच्या बाजूला चर काढून बाहेरचं पाणी प्लॉटमध्ये येऊच द्यायचं नाही, उताराकडे बांबूंना जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं) बांधून त्याची खालची कड मातीत पुरायची आणि गेटपाशी मोठी खडी अंथरायची, म्हणजे डंपरच्या चाकांची माती तिथेच झडेल.

खरी अडचण खड्ड्यातल्या पाण्याची. पंपाने उपसलं की गढूळच जातं, माळव्याची माती इतकी बारीक की बादलीत रात्रभर ठेवलं तरी वर गढूळच. उपसलेल्या पाण्यातला गाळ बसायला वेगळा खड्डा केवढा लागेल? तुरटी चालते का? आणि हे जिओटेक्स्टाइल कापड इथल्या सियागंज बाजारात मिळेल का, कोणी घेतलंय? पाऊस परत लागायच्या आत करायचंय, कृपया लवकर सांगा.