ग्रामसभेत हिशेब मागितला की तो अविश्वास ठरतो का?

प्रश्न: आमच्या ग्रामसभेत पाणीयोजनेच्या खर्चाबद्दल विचारले, की सरपंच ‘तुमचा आमच्यावर भरवसा नाही का?’ असे उलट विचारतात आणि सभा गप्प होते. माणूस वाईट नाही, शिवाय भावकीतला आहे. संबंध न तोडता हिशेब कसा मागावा?

उत्तर १: हिशेब मागणे हा आपला अधिकार आहे, त्यात उपमर्द नाही. राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि गणपूर्तीला, म्हणजे सभा वैध ठरण्याइतक्या किमान हजेरीला, १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. मात्र गणपूर्तीअभावी तहकूब होऊन पुन्हा भरणाऱ्या सभेला ही अट नसल्यामुळे मोजक्या माणसांत ठराव उरकले जातात, आणि गावाचा विश्वास खरा तिथेच उडतो. तहकूब सभा चुकवू नका.

उत्तर २: गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने घेण्याची पद्धत रुजवली आणि त्यासाठी अभ्यासगट चालवले. माहिती आधीच सर्वांसमोर असली, की प्रश्न विचारणारा एकटा पडत नाही. (अर्थात, त्याला वेळ आणि चिकाटी फार लागते.)

उत्तर ३: तोंडी वादापेक्षा लेखी अर्ज बरा. २००५च्या माहिती अधिकार कायद्यानुसार ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. देयके आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) यांच्या प्रती मागा. अर्ज देण्यापूर्वी सरपंचांना घरी जाऊन सांगा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. चारपाच जणांच्या सह्यांनी अर्ज देतो.