नव्या रक्तवाहिन्या, दबलेली प्रतिकारशक्ती: पेशंटला कळतील असे शब्द सुचवा

शब्दखुळी: लिव्हर कॅन्सरच्या पेशंटसाठी माहितीपत्रकाचं मराठी करतेय. अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही औषधांची जोडी का देतात एवढंच सांगायचंय, पण अँजिओजेनेसिस (गाठीने नव्या रक्तवाहिन्या काढणं) आणि इम्यून सप्रेशन (प्रतिकारशक्ती दबणं) या दोन शब्दांपाशी गाडी अडलीय. 'रक्तवाहिनीजनन' वाचून सासूबाई म्हणाल्या हे बाळंतपणाचं आहे का. 'दमन' वाचलं तर दीव-दमणच आठवलं त्यांना.

तिरकसराव: 'नव्या रक्तवाहिन्या फुटणं' लिहा की. पालवी फुटते तसं. जनन-बिनन कशाला.

लॅबवाला: अर्थ बरोबर आहे हो तिरकसराव, जुन्याच वाहिनीला कोंब येतो, पण रक्तवाहिनी 'फुटली' म्हटलं की घरच्यांना ब्रेन हॅमरेजच आठवणार. आणि बेव्हासिझुमॅबने रक्तस्रावाचा धोका खरंच असतो, लिव्हरवाल्यांना सुरू करायच्या आधी एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघून घेतात. 'नव्या रक्तवाहिन्या तयार होणं' लिहा, सपक आहे पण कोणी दचकणार नाही.
दमनाचं दुखणं वेगळं. किडनी बदललेल्या माणसाची प्रतिकारशक्ती आपण गोळ्या देऊन अख्ख्या अंगात दाबतो, तेही इम्यून सप्रेशनच. इथे गाठ स्वतःच्या आजूबाजूला दाबून ठेवते. म्हणून 'गाठीभोवती' हा शब्द घालाच.

शब्दखुळी: बरं. मूळ मजकुरात 'एक औषध गाठीचा रक्तपुरवठा तोडतं, दुसरं प्रतिकारशक्ती वाढवतं' असं आहे. पण रक्तपुरवठाच तोडला तर प्रतिकाराच्या पेशी आत जाणार कुठून?

लॅबवाला: बरोब्बर पकडलंत. 1971 मधे जूडा फोकमन या अमेरिकन सर्जननी मांडलं की गाठीला एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, तेव्हा त्याच अडवा, आणि तेव्हापासून ही 'तोडा, उपाशी मारा'ची भाषा चिकटलीय. पण गाठीतल्या वाहिन्या धड नसतातच, वाकड्यातिकड्या नि गळक्या, त्यामुळे आत ऑक्सिजन कमी, तो कमी म्हणून गाठ आणखी व्हीईजीएफ (वाहिन्या वाढवणारं प्रथिन) सोडते, आणि हे व्हीईजीएफ नुसत्या वाहिन्या वाढवून थांबत नाही, प्रतिकाराच्या टी पेशींना शत्रू ओळखून देणाऱ्या ज्या डेंड्रायटिक पेशी असतात त्यांना ते तयारच होऊ देत नाही (हे 1996 मधेच दिसलं होतं). शिवाय रक्तातून बाहेर पडण्याआधी टी पेशीला वाहिनीच्या भिंतीला चिकटावं लागतं, त्यासाठी भिंतीवर जे रेणू लागतात तेही कमी होतात. आली तशी पुढे निघून जाते बिचारी. तेव्हा तुमचे ते दोन शब्द एकाच परिच्छेदात घ्या, वेगळे ठेवलेत तर जोडी का देतात ते कळणारच नाही.
बेव्हासिझुमॅब व्हीईजीएफला पकडून ठेवतं. बॉस्टनचे संशोधक राकेश जैन (मूळचे आयआयटी कानपूरचे) 2001 पासून म्हणतायत की बेताने दिलं तर वाहिन्या काही काळ सुधारतात आणि आत रक्त नीट फिरतं. अती झालं तर परत ऑक्सिजनची बोंब. म्हणून 'तोडतं' नको.

तिरकसराव: 'वेडीवाकडी वाढ आवरतं' लिहा. आणि 'प्रतिकारशक्ती वाढवतं' पण खोडा, कोविडपासून लोकांना त्यावर गुळवेलीचा काढाच आठवतो.

लॅबवाला: 'आवरतं' झकास. अटेझोलिझुमॅब गाठीने लावलेला ब्रेक सोडवतं, बस. ब्रेक सुटलेल्या टी पेशी कधीकधी थायरॉइडवर, आतड्यावरही घसरतात. 'वाढवतं' लिहिलंत तर जुलाब लागले तरी पेशंट औषध लागू पडतंय म्हणून घरीच बसेल, डॉक्टरला फोन करणार नाही.

शब्दखुळी: मग असं चालेल? 'गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते आणि त्याच वेळी आपल्याभोवतीची प्रतिकारशक्ती दाबून ठेवते. पहिलं औषध या रक्तवहिन्यांची वेडीवाकडी वाढ आवरतं, त्यामुळे प्रतिकाराच्या पेशींना गाठीत शिरणं सोपं जातं. दुसरं औषध त्या पेशींवर गाठीने लावलेला ब्रेक सोडवतं. जुलाब लागले किंवा कुठूनही रक्त आलं तर लगेच कळवा.'

लॅबवाला: उत्तम. 2020 मधे या जोडीवर सोराफेनिब या जुन्या औषधापेक्षा पेशंट जास्त जगल्याचं दिसलं, जागा असेल तर तेही टाका.

तिरकसराव: फक्त छापायच्या आधी 'रक्तवहिन्या' तेवढ्या दुरुस्त करा.