जाखडी आणि झाकरी

एकाने विचारलंय की मॉरिशसचा एक मराठी ढोलकीवाला पणजोबांचं गाव शोधायला मुंबईत येतोय आणि हाताशी फक्त ‘रत्नागिरी’ एवढा एकच शब्द आहे, तर त्याला मदत कशी करायची. आडनावावर विसंबू नका, मॉरिशसला बऱ्याचदा बापाचं नावच आडनाव होऊन बसलंय. निघण्याआधी त्याने मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या गिरमिटियांच्या (करारावर तिकडे नेलेल्या मजुरांच्या) नोंदी बघाव्यात, गाव-तालुका सापडू शकतो. मग त्याला थेट लालबाग-परळला न्या. कोकणातल्या कित्येक गावांच्या मंडळांच्या खोल्या तिथल्या चाळींत असायच्या. तिथला एखादा म्हातारा दफ्तरापेक्षा जास्त सांगेल (चहा मात्र दोनदा प्यावा लागेल). आणि जाखडी, म्हणजे कोकणातला लोकनाच, दाखवाच! मॉरिशसचे मराठी तिला ‘झाकरी’ म्हणतात. ठेका ओळखीचा वाटतो का, ते त्यालाच सांगू दे.