ठिबकच्या अॅसिड ट्रीटमेंटची माहिती सगळ्यांना समजेल अशी कशी लिहावी?

चोपडा_केळीबाग
नमस्कार मंडळी. आमच्या गावात केळीवाल्यांचा गट आहे, साठेक जण. ठिबकचं कुणाचं काही अडलं की फोन मला येतो. बोअरच्या पाण्याला क्षार फार, ड्रिपर पांढरे पडून बंद होतात. म्हणून गेल्या महिन्यात अॅसिड ट्रीटमेंट (क्षार विरघळवायला नळ्यांतून पाणी मिसळलेलं अॅसिड सोडायची रीत) लिहून सगळ्यांना दिली. ती अशी:

"फिल्टर साफ करून अॅसिड व पाण्याचे मिश्रण व्हेंचुरीद्वारे सोडावे. लिटमस पेपर लाल झाल्यावर पंप बंद करून २४ तासांनी नळ्या फ्लश कराव्यात. टीप: अॅसिड पाण्यात टाकावे, पाणी अॅसिडमध्ये टाकू नये." (व्हेंचुरी म्हणजे बादलीतलं मिश्रण ठिबकच्या पाइपात ओढून घेणारं साधन.)

एका काकांनी पहिलं वाक्य वाचलं, बादलीत अॅसिड ओतलं आणि वरून पाणी. हातावर उडालं. लगेच मोटारीच्या धारेखाली हात धरला म्हणून फोडांवर निभावलं. टीप मी लिहिली होती, पण शेवटी. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. दुसऱ्या एकाने सांगितलं, "भाऊ, माले काही समजनं नही." नव्याने लिहायचंय. कसं लिहू?

कापूस_धुळे
भाऊ, काका वाचत वाचतच काम करत होते. सगळे तसंच करतात. धोक्याची ओळ त्या कामाच्या आधी आली पाहिजे, आणि 'टीप' म्हणून नको. थेट लिहा: "आधी बादलीत पाणी घ्या. मग त्यात अॅसिड हळूहळू सोडा." क्रमच बरोबर असला की निम्मा धोका टळतो.

पाचोरा_सेविका
दादा, मी अंगणवाडीत आहे. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, हे आम्ही वर्षानुवर्षं सांगतो. पण घरात लिटरचं माप नसतं. कुणी पेलाभर पाण्यात अख्खं पाकीट टाकतं, कुणी हंडाभर पाण्यात. म्हणून मी घरी गेले की त्यांचाच तांब्या घेते, लिटरच्या बाटलीने त्यात पाणी मोजून दाखवते आणि 'इथपर्यंत' अशी खूण करून देते. तुमच्या कागदातही माप त्यांच्या भांड्यात यायला हवं.

दुसरं म्हणजे 'करावे, कराव्यात' काढून टाका. समोर बसून सांगता तसं लिहा: बादली घ्या, झडप उघडा. एका ओळीत एकच काम. तुमच्या पहिल्या वाक्यात तीन कामं आहेत, आणि वाचणाऱ्याचे हात ओले, मोबाइल खिशात.

आणि 'समजलं का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'आता तुम्ही मला सांगा' म्हणा. बाई कुठे अडखळते तिथेच माझं सांगणं कच्चं असतं, हे मी खूपदा पाहिलंय.

ठिबक_फिटर_अमळनेर
फिटिंगच्या कामात बरीच वर्षं गेली, म्हणून मजकुरातल्या चुकांवरच बोलतो.

'लिटमस लाल' हे चूक आहे. निळा लिटमस थोड्या आम्लालाही लाल होतो. आपल्याला शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४ च्या आसपास हवा. त्यासाठी रंगाचा तक्ता असलेला पीएच पेपर लागतो. "तक्त्यावरच्या ४ च्या रंगाशी जुळला की थांबा," असं लिहा. काम कुठे थांबवायचं ते डोळ्यांना दिसलं पाहिजे, नाहीतर माणूस अंदाजाने थांबतो.

'फिल्टर साफ करून', पण कोणता? आधी सॅन्ड फिल्टरचा बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुणं), मग स्क्रीन फिल्टरची जाळी. 'नळ्या फ्लश' हेही अर्धवटच. आधी सबमेनचा (नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपचा) फ्लश व्हॉल्व, मग नळ्यांची टोकं, तीही एका वेळी चार-पाचच. सगळी एकदम उघडली तर दाब पडतो आणि घाण आतच राहते. हे तुम्हाला पाठ आहे, म्हणून लिहायचं सुटलं.

अॅसिडचा आकडा मात्र देऊ नका, प्रत्येकाचं पाणी वेगळं. चाचणी लिहा: स्वतःच्या बोअरचं १ लिटर पाणी घ्या, त्यात थोडं थोडं अॅसिड मोजून टाका, पीएच ४ ला किती लागलं ते लिहून ठेवा.

चोपडा_केळीबाग
फार मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. सुरुवात अशी केलीय:

रबरी हातमोजे आणि चष्मा घाला.
प्लास्टिकची बादली घ्या, लोखंडी नको.
बादलीत आधी पाणी भरा.
आता त्या पाण्यात अॅसिड बारीक धारेने सोडा. अॅसिडवर पाणी कधीच ओतू नका, उसळून अंगावर येतं.

'का' ते थोडक्यात लिहू ना? काकांना कारण माहीत असतं तर त्यांनी तसं केलं नसतं.

ठिबक_फिटर_अमळनेर
जरूर लिहा. आणि सगळ्यात वर एक ओळ वाढवा: शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर वापरली असेल तर त्याच बादलीत किंवा त्याच वेळी अॅसिड नको, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बरेच जण दोन्ही कामं एकाच दिवशी उरकतात.

पाचोरा_सेविका
दादा, गटाला देण्याआधी एकाच्या हातात कागद द्या आणि तुम्ही बांधावर गप्प उभे राहा. बादलीत अॅसिडऐवजी साधं पाणी ठेवा. बोलायचं नाही, फक्त कुठे थांबतो ते टिपायचं.

चोपडा_केळीबाग
ताई, त्या काकांनाच विचारलं, ते हो म्हणाले. या आठवड्यात आमच्याकडे दिवसाची वीज आहे. शुक्रवारी सकाळी त्यांच्याच मळ्यात करतो आणि ते कुठे थांबले ते इथे लिहितो.